वयाच्या कप्प्यांपलीकडची पुस्तके

कोणत्या वयात कोणती मराठी पुस्तके वाचावीत हे सुचवणाऱ्या लेखातील यादी मुले, तरुण आणि ज्येष्ठ अशा तीन गटांत विभागली आहे. ती मनापासून आवडली, पण ‘बनगरवाडी’ केवळ ज्येष्ठांच्या गटात पाहून वाईट वाटले. व्यंकटेश माडगूळकरांची 1955 सालची ही छोटी कादंबरी माणदेशातल्या धनगरवस्तीवर आलेल्या कोवळ्या वयाच्या शिक्षकाच्या नजरेतून उलगडते. तिची वाक्ये आखूड आणि स्वच्छ आहेत, त्यामुळे बारा वर्षांचे मूलही ती सहज वाचू शकते. शेवटी दुष्काळाने ओस पडलेली वाडी मात्र प्रत्येक वयात वेगळी भिडते. माझ्या मुलीने ती सातवीत असताना वाचली आणि माझ्या आईने सत्तरीत. दोघी पुढे कितीतरी दिवस त्याविषयी बोलत होत्या.

प्रवासवर्णनांत विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हवाच होता. दक्षिणा मिळेल या आशेने कोकणातल्या वरसईहून उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक 1857 च्या धामधुमीत सापडतो, झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहतो आणि कसलाही अभिनिवेश न आणता सांगतो. इतिहास हा सनावळ्यांचा विषय वाटून कंटाळलेल्या मुलांना त्यातली झाशीची प्रकरणे मोठ्याने वाचून दाखवावीत. जुनी भाषा कानावर पडली की लवकर सरावाची होते.

विज्ञानकथांसाठी जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ आणि आत्मचरित्रांत लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ यांचाही समावेश व्हावा, अशी लेखकांना विनंती आहे.