सरांना ‘थांबा’ कोण म्हणणार?

नाशिकमध्ये हॉस्पिटलच्या गुणवत्तेचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, एनएबीएचचे (हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे) फॉर्म नीट भरले की झालं. दुसऱ्याचं म्हणणं, ते सगळं तिकडे परदेशात चालतं, आपली माणसंच वेगळी. इथून, इंग्लंडमधून, दोघांचंही अर्धंच पटतं.

ऑपरेशनची सुरक्षा चेकलिस्ट घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने ती २००८ मध्ये आणली. मुद्दे १९, थांबे तीन: भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि पेशंट ओटीबाहेर (ऑपरेशन थिएटरबाहेर) नेण्याआधी. दिल्लीसह आठ शहरांतल्या अभ्यासात (२००९) मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं. पुढे कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात तीच चेकलिस्ट सक्तीची झाली. १०१ हॉस्पिटलांत फॉर्म जवळजवळ सगळे भरले गेले, मृत्यूंत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही (२०१४). फॉर्मवर नुसत्या टिक करण्याचं दुखणं काही भारतीय नव्हे.

सरांपुढे, म्हणजे मोठ्या डॉक्टरांपुढे, गप्प बसणंही नव्हे. इंग्लंडमध्ये २००५ साली सायनसच्या साध्या ऑपरेशनआधी भूल देताना श्वासनलिकेत नळी जाईना. एका नर्सने ट्रॅकिओस्टॉमीचा (गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करण्याचा) सेट आणून ठेवला, दुसरीने आयसीयूत खाट सांगून ठेवली. डॉक्टर नळीच घालत राहिले. पेशंट वाचली नाही.

तेव्हा उपाय इथलाच घ्या, पण त्याचा साचा आपल्या मापाने कापा. इथे दुसऱ्या थांब्याला सगळे आपापलं नाव सांगतात. आपल्या ओटीत ‘सर’, ‘सिस्टर’ आणि ‘मामा’ (वॉर्डबॉय) असतात. सरांना पहिल्या नावाने हाक मारायला लावलंत तर हसू होईल. त्यापेक्षा ब्लेड सिस्टरच्या ताब्यात ठेवा. मुद्दे तिने मराठीत, मोठ्याने वाचायचे, सर्जनने तोंडी उत्तर द्यायचं, मगच ब्लेड हातात. फॉर्मवर सही त्यानंतर. दिवसाची सगळी ऑपरेशनं संपल्यावर चार फॉर्म एकदम भरले जात असतील, तर त्या कागदाला रद्दीचीच किंमत.

पोटात काही राहू नये म्हणून मॉप, म्हणजे रक्त टिपायचे कापडी तुकडे, मोजतात; त्या मोजणीचंही तसंच. ‘सर, बहुतेक एक मॉप कमी वाटतोय’ यातलं ‘बहुतेक’ आणि ‘वाटतोय’ ही अदब आहे, आणि तीच घात करते. वाक्य ठरवून द्या: ‘दहा दिले, नऊ आले. पोट बंद करू नका.’ आणि सरांनी चिडायचं नाही, हे सरांनीच आधी सगळ्यांसमोर सांगायचं.

ओळख पटवताना इथे नाव आणि जन्मतारीख पेशंटकडूनच वदवून घेतात. आपल्याकडे ‘तुम्हीच पवार ना?’ असं विचारलं की डॉक्टरांचा मान राखून ‘हो’ येतं. कळवण-सुरगाण्याकडून आलेल्या आजींना जन्मतारीख ठाऊक असेलच असं नाही, आणि नवऱ्याचं नाव घ्यायला त्या बिचकतात. पूर्ण नाव नातेवाइकाकडून घ्या, गाव आजींना विचारा, मग मनगटावरच्या पट्टीचा नंबर केसपेपरशी ताडा. तोवर शेजारच्या खाटेवरची बाई परस्पर सांगते, ‘या नाही, पलीकडच्या पवारबाई.’ इंग्लंडमधल्या वॉर्डात पडद्याआडून असं कोणी बोलत नाही.