खोबऱ्याचा पुरावा

माझ्या कपाटात एक हिरवी फाईल आहे. तिच्यावर ‘भांडणे’ असे लिहिलेले नसून ‘वॉरंटी’ असे लिहिलेले आहे. पण दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, हे घरात सर्वांना अनुभवाने ठाऊक आहे. तिच्यात एका मिक्सरचा अकरा महिन्यांचा पत्रव्यवहार आहे. त्यातून मला एवढे समजले, की वॉरंटीत मोटर येते पण भांडे येत नाही, भांडे आले तर त्याचे रबर येत नाही, आणि तिन्ही येतात तेव्हा माणूस येत नाही. एका गिझरची पावतीही आहे. तिच्यावरची शाई कधीच उडून गेली असून आता तो नुसता कोरा कागद उरला आहे, तरी मी तो प्लास्टिकच्या पिशवीत जपला आहे. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली काही पाने आहेत. सदोष माल पावतीवरच्या मुदतीत, आणि मुदत छापलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते, या वाक्याखाली मी लाल रेघ मारलेली आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य मात्र आमच्या डोंबिवलीत कित्येक पावत्यांवर गणपतीच्या चित्राखाली अजून सुखाने नांदत आहे.

अशा तयारीच्या माणसाच्या खिशातला चाकू मोडला.

हा चाकू स्विस आहे. चौदा वर्षांपूर्वी माझ्या मावसबहिणीने ल्युसर्नहून आणलेला, लाल मुठीचा, मिटल्यावर ९१ मिलिमीटर भरणारा. लहानमोठी दोन पाती, कात्री, चिमटा, दातकोरणे, डबा उघडण्याचे, बाटली उघडण्याचे, असा सगळा संसार त्याच्या पोटात आहे. बुचाच्या बाटल्यांसाठी दिलेल्या पिळदार मळसूत्राचा आमच्या घरात एकच उपयोग झाला, तो म्हणजे पायजम्याच्या नाडीची घट्ट बसलेली गाठ सोडवणे. आणि हे काम ते इतके सुरेख करते, की स्वित्झर्लंडमध्येही ते मुळात याचसाठी घडवले असावे असा मला संशय आहे. कात्री रोज सकाळी दुधाच्या पिशवीचा कोपरा कापते. पाठीवरचा आकडा सुतळी बांधलेले पुडके उचलायला असतो, हे मला आठ वर्षांनी कळले.

तर एका रविवारी नारळाच्या वड्या करायचे ठरले आणि फोडलेल्या नारळातले खोबरे सोडवून देण्याचे काम माझ्याकडे आले. मी खिशातून चाकू काढला. “अहो, विळी आहे ना,” असे सौभाग्यवती म्हणाल्या. हा चाकू एका सैन्याने स्वीकारलेला आहे, हे मी तिला समजावून सांगितले. त्यावर तिने “त्यांच्याकडे नारळ होतात का?” असा प्रश्न विचारला. त्याचे उत्तर मी देणार, तोच करवंटी आणि खोबरे यांच्या फटीत घातलेल्या पात्याने कट् असा आवाज केला आणि चार मिलिमीटर टोक दिसेनासे झाले. ते सापडेपर्यंत खोबऱ्याला हात लावायचा नाही असे फर्मान निघाले. टोक पाऊण तासाने सापडले. वड्या दुसऱ्या दिवशी झाल्या, आणि त्या खाताना प्रत्येकाने माझ्याकडे पाहून पहिला घास हळू चावला.

तंटा करायचा तर प्रतिपक्षाची माहिती हवी, म्हणून मी रात्री वाचायला बसलो. कार्ल एल्सेनर नावाच्या कारागिराने १८८४ मध्ये श्वीझ परगण्यातल्या इबाख गावी चाकूंचा कारखाना काढला. स्विस सैनिकाला डबा उघडण्यासाठी आणि रायफल सोडवण्यासाठी एकच हत्यार हवे होते, पण त्यांचा पहिला साठा जर्मनीतल्या झोलिंगेनहून आणावा लागला. ते एल्सेनरच्या मनाला लागले, आणि १८९१ मध्ये त्याने स्वतःचे चाकू सैन्याला पुरवले. पुढे १२ जून १८९७ रोजी त्याने अधिकाऱ्यांसाठीच्या चाकूची नोंदणी केली. मुठीच्या पाठीत दडवलेल्या अवघ्या दोन स्प्रिंगांवर सहा हत्यारे पेलायची, ही त्यातली खुबी. पाते उघडताना आणि मिटताना जो टक् असा समाधानी आवाज येतो, तो या स्प्रिंगेचा. १९०९ मध्ये त्याची आई वारली, तेव्हा त्याने मालाला तिचे व्हिक्टोरिया हे नाव दिले, आणि १९२१ मध्ये न गंजणारे पोलाद आल्यावर त्या पोलादाचे ‘इनॉक्स’ हे नाव आईच्या नावाला जोडून व्हिक्टोरिनॉक्स केले. आईच्या नावाला गंज लागू न देणाऱ्या माणसाशी भांडायचे म्हणजे मला जरा ओशाळल्यासारखे झाले.

त्यांच्या हमीचा मजकूर मी तीनदा वाचला. पोलादात किंवा घडणीत दोष निघाला, तर चाकूच्या बाबतीत हमीला काळाची मर्यादा नाही. मात्र रोजच्या वापराने होणारी झीज आणि गैरवापर यांना ती लागू नाही. गैरवापराच्या व्याख्येत नारळाचा उल्लेख नव्हता. तरी सावधगिरी म्हणून मी ‘पेरू कापताना मोडला’ असा जबाब तयार केला आणि लोकलमध्ये ठाण्यापर्यंत तो मनातल्या मनात घोकला.

पहिली अडचण दुकानात नव्हे, तर ज्या मॉलमध्ये दुकान होते त्याच्या दारात आली. यंत्राने पीं केले आणि पहारेकऱ्याने चाकू हातात घेतला.

“काका, चाकू आत नाही न्यायचा.”

“अहो, तो आतल्याच दुकानात दुरुस्तीला द्यायचा आहे. मोडलाय तो.”

“मोडका असला तरी चाकूच की, काका.”

यावर माझ्या फाईलमध्ये एकही कलम नव्हते. चाकू बाहेर ठेवून मी आत गेलो तर दुरुस्त काय करणार, आणि चाकूसह बाहेर उभा राहिलो तर दुरुस्त कोण करणार, या पेचात मी असताना पहारेकऱ्यानेच दुकानात फोन लावला, आणि दोन मिनिटांत विशीतला एक मुलगा धावत दाराशी आला. त्याने वहीत सही केली आणि चाकू रुमालात गुंडाळून आमच्या पुढे चालू लागला. मला हे पटेना. तक्रार ऐकायला दुकानच दारापर्यंत चालत येते, यात काहीतरी डाव असणार.

दुकानात मी फाईल उघडली. “बिल नाहीये, भेट मिळालेला आहे,” असे मी खणखणीत आवाजात सांगितले, कारण लढाई इथूनच पेटते असा माझा अनुभव आहे.

“बिल नाही लागत, सर.”

“का नाही लागत?” असे मी इतक्या जोरात विचारले, की शेजारी घड्याळ बघणाऱ्या बाईंनी मागे वळून पाहिले.

“पात्याच्या बुडाशी नाव असतं ना, सर,” असे म्हणून त्याने भिंग डोळ्याला लावले. मी पेरूची हकिकत सांगितली. तो काही बोलला नाही. त्याने मुठीतले दातकोरणे उपसले, पाते जिथे फिरते त्या सांध्यात घालून सावकाश फिरवले, आणि आतून निघालेला एक पिवळट पांढरा कण, ज्याच्या एका कडेला तपकिरी साल स्पष्ट दिसत होती, टिश्यू पेपरवर ठेवून माझ्यापुढे सरकवला.

“सर, हा पेरू आहे?”

“खोबरं,” मी म्हणालो.

“आमची आईपण असंच करते,” तो म्हणाला. आजवर कुठल्याही कंपनीच्या माणसाने माझ्याशी आईचा विषय काढलेला नव्हता. मग त्याने कात्री उघडून पाहिली. तिची स्प्रिंग वर्षभरापूर्वीच तुटली होती आणि मी दोन बोटांनी कात्री फाकवून दूध काढत होतो. त्याने खणातून एक डबी काढली, तीतून करंगळीच्या नखाएवढी पट्टी चिमट्याने उचलली, खाचेत बसवली आणि कात्री दोनदा हवेत वाजवून दाखवली. याला अर्धा मिनिट लागला. “ही झिजणारीच वस्तू आहे सर, हिचे पैसे नाहीत. पात्याचं मात्र वर्कशॉपला विचारावं लागेल, टोक हमीत बसत नाही.” मी रिकाम्या हातांनी आणि भरलेल्या फाईलने घरी परतलो. भांडण न झाल्यामुळे त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

बारा दिवसांनी त्याचाच फोन आला. वर्कशॉपने पाते बदलण्याऐवजी आपल्या खुशीने नवा कोरा चाकूच द्यायचे ठरवले होते, फुकट.

आणि इथे मला हवे ते मिळाले. त्या जुन्या चाकूच्या मुठीवर माझ्या मुलीने दुसरीत असताना कंपासच्या टोकाने ‘बबा’ असे कोरलेले आहे. पहिल्या ‘ब’चा काना तिच्याच्याने बसला नाही. नव्या चाकूवर हा ‘बबा’ कोण कोरून देणार, कारण मुलगी आता अभियांत्रिकीला आहे आणि तिला काना येतो? मी फाईल काढली, तीन पानी निवेदन लिहिले, त्यात ग्राहकाच्या हक्कांची दोन कलमे घातली आणि नवी वस्तू माथी मारल्याबद्दल तीव्र नापसंती नोंदवली. मुलाचा पुन्हा फोन आला. त्याच्या आवाजात घाबरल्याची छटा होती.

“सर, म्हणजे नवीन नको, हीच तक्रार आहे का?”

“हीच.”

“असा कॉलम नाहीये, सर. मी ‘इतर’मध्ये टाकतो.”

पुढच्या आठवड्यात मी चाकू आणायला गेलो, तेव्हा तो आधीच दारात येऊन थांबला होता. पाते चार मिलिमीटरने आखूड झाले होते, पण घासून त्याला नवे टोक काढले होते. सांध्यात तेल घातलेले होते, हरवलेल्या चिमट्याच्या जागी नवा चिमटा बसवला होता, आणि लाल मूठ इतकी स्वच्छ पुसली होती, की ‘बबा’ रस्त्यापलीकडूनही वाचता आला असता. पहारेकऱ्याने चाकू मागून घेतला, पाते टक् करून उघडले, अंगठ्याच्या नखावर त्याची धार टेकवून पाहिली आणि लगेच मिटून माझ्या हातात दिला.

“काका, आता खरा चाकू झाला हा. आता आत न्यायचं नावसुद्धा काढू नका.”