‘सात वर्षं आणि एकवीस दिवस’: त्या मेसेजमधलं खरं किती?

सोलापुरातल्या सोसायट्यांच्या, बचत गटांच्या, शाळेतल्या जुन्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरत असतो. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा तोच: ‘पहिल्या सात वर्षांत अवचेतन मनाचं प्रोग्रॅमिंग पूर्ण होतं. पुढचं ९५ टक्के आयुष्य त्यावरच चालतं. ते पुसायचं असेल तर रोज पहाटे सकारात्मक वाक्यं म्हणा. २१ दिवसांत नवी सवय लागते. एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. हवी फक्त इच्छाशक्ती.’ खाली उगवता सूर्य आणि जोडलेले हात.

पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण हा मेसेज वाचून तंबाखू-सुपारीचा मावा सोडायला निघालेला माणूस बाविसाव्या दिवशी तलफ आली की ‘आपल्यात दमच नाही’ असं ठरवून मोकळा होतो. दोष मेसेजमधल्या हिशोबाचा आणि शिक्षा त्याला. म्हणून एकेक वाक्य तपासू.

‘सात वर्षांत सगळं ठरतं.’ बालपणाचा ठसा खोल असतो, यात वाद नाही. मारझोड, उपासमार, सततची भीती यांचे परिणाम मोठेपणीही दिसतात. पण ‘खोल’ म्हणजे ‘कायमचं’ नव्हे. स्वभाव बदलण्यासाठी केलेल्या उपचारांवरच्या २०७ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. थोड्या आठवड्यांच्या उपचारांनंतरही मोठ्या माणसांच्या स्वभावात, विशेषतः घाबरटपणा आणि चिडचिडीत, मोजता येईल इतका फरक पडलेला त्यात दिसला. व्हिएतनाम युद्धातले जे अमेरिकी सैनिक तिथे हेरॉइनच्या आहारी गेले होते, त्यांच्यापैकी फार थोडे मायदेशी परतल्यावर पुन्हा त्यात अडकले. जागा, सोबती आणि मिळण्याची सोय, तिन्ही गोष्टी एकदम सुटल्या होत्या.

‘९५ टक्के आयुष्य अवचेतन मनावर.’ हा आकडा कुणी, कशाने मोजला, ते मेसेज सांगत नाही. सांगू शकणारही नाही. मोजलेलं काही हवं असेल तर ते असं: ‘आत्ता काय करताय’ हे लोकांना दर तासाला लिहायला लावलं, तेव्हा रोजच्या वागण्यातला ४० टक्क्यांच्या आसपासचा भाग त्याच जागी, त्याच वेळी, फार विचार न करता केलेला निघाला. पुढे जाऊ.

‘जुनं पुसून टाका.’ सगळी गडबड या वाक्यात आहे. सवय पाटीवरच्या अक्षरासारखी पुसली जात नाही. सोलापूरकरांना हे समजवायला प्रयोगशाळा लागत नाही. पूर्व भागातल्या पद्मशाली घरातलं पोर आईशी तेलुगू बोलतं, वर्गात मराठी, आणि अक्कलकोटकडच्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये भाव करतं. मराठी शिकताना तेलुगू पुसली जात नाही. समोरचा माणूस आणि जागा बदलली की योग्य ती भाषा आपोआप तोंडात येते. सवयींचंही तसंच. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांपासून हे माहीत आहे: घंटेनंतर अन्न मिळायची सवय लागलेल्या कुत्र्याला घंटा ऐकूनच लाळ सुटते; नुसती घंटा वाजवत राहून अन्न दिलं नाही की ती लाळ थांबते, पण मध्ये काही काळ गेला की घंटा ऐकून ती पुन्हा सुटते. जुनं शिकणं आत शाबूत असतं, त्याच्यावर नवं शिकणं बसलेलं असतं, आणि हे नवं बरंचसं जागेला बांधलेलं असतं. त्यामुळे काम पुसण्याचं नसून त्याच खुणेवर, म्हणजे ज्या जागेने, क्षणाने किंवा माणसाने सवय जागी होते तिच्यावर, दुसरी कृती बसवण्याचं आहे.

यंत्रमागावरच्या कामगाराचा मावा घेऊ. पहिले सात दिवस काहीही सोडायचं नाही. खिशात छोटी वही ठेवायची आणि पुडी फोडण्याआधी पाच गोष्टी लिहायच्या: वेळ, जागा, सोबत कोण, लगेच आधी काय घडलं, तलफ ० ते १० मध्ये किती. पुडी संपल्यावर लिहिलं तर नोंद खोटी होते, कारण तोवर तलफ विसरलेली असते. आठवड्यानंतर वही सांगते की दिवसाच्या आठ-दहा पुड्यांमागे खुणा तीन-चारच आहेत: सुताचा बीम बदलायला माग थांबला, जेवणाचा डबा संपला, पाळी सुटून गेटबाहेर पाय पडला, टपरीवर मित्राने हात पुढे केला. यातल्या निम्म्या वेळी तलफ २-३ च असते. त्या पुड्या नुसत्या सवयीच्या. तिथूनच सुरुवात करायची, कारण त्या सगळ्यात स्वस्तात सुटतात.

मग प्रत्येक खुणेला एक वाक्य जोडायचं, ‘जर असं, तर तसं’ या साच्यात. ‘माग थांबला की पाण्याची बाटली उघडून चार घोट.’ ‘डबा संपला की लगेच चूळ भरून बडीशेप.’ ‘गेटबाहेर आलो की टपरीच्या उलट बाजूने घर.’ वाक्यात जागा, क्षण आणि हालचाल, तिन्ही हवं. ‘मी तंबाखू खाणार नाही’ हे वाक्य इथे चालत नाही. नकाराला हातांनी करण्यासारखं काही नसतं. आणि बडीशेपेऐवजी साधी सुपारी धरू नका. सुपारीचंही व्यसन लागतं, ती स्वतःच कर्करोगकारक आहे आणि तिच्यामुळे गालाची कातडी आतून आखडते. आपलीच तीन बोटं उभी करून तोंडात जात नसतील तर आधी दंतवैद्याकडे जा.

सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली पुडी लागत असेल तर प्रकरण नुसत्या सवयीचं नाही, शरीराला निकोटीन लागतंय. तिथे निकोटीन गमचा उपयोग होतो. २ की ४ मिलिग्रॅम हे डॉक्टरांना विचारून ठरवा. गरोदरपण किंवा हृदयविकार असेल तर विचारल्याशिवाय घेऊच नका. बहुतेक जण गम चुकीचा खातात. तो च्युइंगमसारखा सलग चघळायचा नसतो. हळूहळू चावायचा, झिणझिणी किंवा तिखट चव आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा चावायचा. असं साधारण ३० मिनिटं. भराभर चघळला तर निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, मळमळतं, उचकी लागते, आणि माणूस म्हणतो गम आपल्याला सोसत नाही. गमच्या आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, सोडा बंद, कारण तोंडात आंबटपणा आला की निकोटीन नीट शोषलं जात नाही. टपरीवर कटिंग मारून वर गम टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. तोंडच कमी उघडत असेल तर गमऐवजी कातडीवर चिकटवायच्या निकोटीन पॅचचं विचारा. चिडचिड, झोपमोड, भूक हा त्रास पहिल्या तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत उतरतो. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ वर फोन मोफत लागतो.

‘सकारात्मक वाक्यं म्हणा.’ ज्याचं स्वतःबद्दलचं मत आधीच बरं आहे, त्याला ‘मी प्रेमास पात्र आहे’ म्हणून थोडं बरं वाटतं. ज्याला लहानपणापासून ‘तू बिनकामाचा’ ऐकवलंय, त्याला तेच वाक्य म्हणून उलट जास्त वाईट वाटतं; २००९ च्या एका प्रयोगात हेच दिसलं. मन लगेच पुरावे काढून वाद घालतं. लहानपणीची भीती बोलून जात नाही, तिच्यासमोर थोडं थोडं उभं राहून जाते.

‘मोठ्यांपुढे तोंड उघडायचं नाही’ ही शिकवण घ्या. पस्तिशीतली बाई सासऱ्यांसमोर गप्प होते, ऑफिसात साहेबांसमोरही. कागदावर पायऱ्या काढा आणि प्रत्येकीला ० ते १०० मध्ये भीतीचे गुण द्या. भाजीवालीला ‘मावशी, दहा रुपये कमी आले’ म्हणणं: २०. पालकसभेत बाईंना एक प्रश्न विचारणं: ४५. साहेबांना ‘हे आज होणार नाही, उद्या दुपारपर्यंत देते’ सांगणं: ६५. सासऱ्यांना ‘मामंजी, मला हे पटत नाही’ म्हणणं: ९०. सुरुवात २०-३० पासून, एकेक पायरी आठवड्यातून तीन-चार वेळा. जाण्याआधी लिहायचं, ‘काय होईल असं वाटतंय’. आल्यावर लिहायचं, ‘काय झालं’. या दोन ओळींतल्या अंतरातून मन शिकतं. बिघडतं ते दोन ठिकाणी. एक तर मेसेज वाचून जोशात पहिल्याच दिवशी ९० वर उडी घेतली जाते. घरात रण पेटतं आणि ‘गप्प राहणंच बरं’ हा जुना धडा पक्का होतो. दुसरं बारीक आहे: बोलताना मोबाइलकडे बघणं, तीनदा सॉरी म्हणणं, वाक्य हसण्यावारी नेणं. मग प्रसंग निभावला तरी मन श्रेय त्या सॉरीला देतं. आणि जिथे बोलण्याची प्रतिक्रिया खरोखर मारहाणीची असते, तिथे ही भीती खोटी नाही. तिथे पायऱ्या नकोत, बाहेरची मदत हवी. बालपणी अत्याचार झाला असेल तर हे काम प्रशिक्षित समुपदेशकासोबतच करावं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मराठीतही बोलता येतं.

‘२१ दिवस.’ या आकड्याचा उगम मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना ‘किमान सुमारे २१ दिवस’ लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. ‘किमान’ गळालं, ‘सुमारे’ गळालं, चेहराही गळाला. सवयीचं प्रत्यक्ष मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात झालं: ९६ जण, ८४ दिवस, रोज एकाच खुणेनंतर एकच नवी कृती. मधला आकडा ६६ दिवसांचा आला, आणि माणसामाणसांतला फरक १८ ते २५४ दिवसांचा. प्रयोगच ८४ दिवसांचा, त्यामुळे २५४ हा आलेख पुढे ओढून काढलेला अंदाज आहे, आणि ६६ हाही ज्यांच्या नोंदी सूत्रात नीट बसल्या अशा ३९ जणांचाच. म्हणजे २१ च्या जागी ६६ लिहून नवा मेसेज पाठवू नका. पाण्याचा पेला लवकर जमतो, व्यायामाला जास्त वेळ लागतो.

‘हवी फक्त इच्छाशक्ती.’ सिनेमागृहात पॉपकॉर्न खायची सवय असलेल्यांना आठवड्याचे शिळे पॉपकॉर्न दिले, तरी त्यांनी ताज्याइतकेच खाल्ले. दुसऱ्या, साध्या खोलीत बसवलं तेव्हा शिळे बाजूला सारले. सिनेमागृहातच पण सवयीचा हात सोडून दुसऱ्या हाताने खायला सांगितलं, तेव्हाही शिळे खाणं कमी झालं. मनाची ताकद तीच, फक्त जागा किंवा हात बदलला. खिशातली पुडी घरी उंच फळीवर ठेवणं, उधारीची वही बंद करायला टपरीवाल्याला सांगणं, या गोष्टी निर्धारापेक्षा जास्त काम करतात.

रोज भरपूर दारू पिणाऱ्याने मात्र हे इच्छाशक्तीचं वाक्य ऐकून एका झटक्यात दारू सोडू नये. शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन जीवावर बेतू शकतं. हात थरथरत असतील तर आधी रुग्णालय.

‘एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून.’ त्याच लंडनच्या प्रयोगात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. चुकलेल्या दिवशी वहीत फुली मारू नका, खूण लिहा: कुठे, कोण, कशानंतर. बहुतेक वेळा ती यादीत नसलेली नवी खूण असते. दसऱ्याला मावा सोडलेला माणूस तीन महिने कोरडा राहतो आणि जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, होम मैदानावर जुन्या टोळक्यात पाळण्याखाली उभा राहिला की हात आपोआप पुढे जातो. ही जागा आणि ही माणसं त्या तीन महिन्यांत आलीच नव्हती, मग त्यांच्यासाठी ‘जर-तर’ही लिहिलेलं नव्हतं. ते डिसेंबरात लिहा. पहिल्या वर्षी यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक घरच्यांसोबत बघा, खिशात बडीशेप ठेवा, आणि टोळक्याला आधीच फोन करून सांगा की पुडी पुढे करू नका. टोळक्यासोबत पुढच्या गड्ड्याला.