रेक्समचा क्लब कुणी बुडवला, कुणी वाचवला: त्या फॉरवर्डला उत्तर

परवा रात्री साडेअकराला कोल्हापूरहून भाच्याचा मेसेज आला. "मावशी, तू तिकडं होतीस न्हवं, हे खरं हाय काय?" आणि खाली तो फॉरवर्ड. तुमच्याकडंही आला असेल, मला त्याच्याआधी तीन ग्रुपवर येऊन गेला होता आणि तिन्ही वेळा मी सोडून दिला होता. पण भाचा पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमकडून खेळतो, आणि त्यांच्या ग्रुपवर हा मेसेज एका मोठ्या माणसानं मुद्दाम टाकलाय, कारण एक बिल्डर टीम 'दत्तक' घ्यायला तयार आहे, अट एवढीच की नावात आणि जर्सीवर तो पाहिजे. रविवारी मीटिंग आहे. म्हणून आता सोडून देणार नाही.

ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. फॉरवर्ड म्हणतो की वेल्समधल्या रेक्सम नावाच्या खेड्यात जगातला सगळ्यात जुना फुटबॉल क्लब होता, पण दीडशे वर्षांत त्यानं काही जिंकलं नाही आणि २०२० पर्यंत त्याला कुत्रं विचारत नव्हतं. गावकऱ्यांनी स्वतः चालवायला घेऊन तो कर्जात बुडवला. मग रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकेल्हेनी या दोन हॉलिवूड नटांनी २० कोटीत विकत घेतला आणि तीन वर्षांत तीन प्रमोशन, म्हणजे तीनदा वरच्या डिव्हिजनमध्ये बढती. तात्पर्य (ठळक अक्षरात): मालक बदला, नशीब बदलेल.

खेडं म्हणे! रेक्सम उत्तर वेल्समधलं सगळ्यात मोठं गाव, २०२२ साली त्याला अधिकृत शहराचा दर्जा मिळाला. मी २०१५-१६ मध्ये कंपनीच्या प्रोजेक्टवर इंग्लंडमधल्या चेस्टरला होते, तिथनं रेक्सम ट्रेननं वीसेक मिनिटं, आणि रेक्सम जनरल स्टेशनवर उतरलं की समोरच स्टेडियमचे दिवे दिसतात. खेड्याचा मुद्दा इथंच सोडते.

'जगातला सगळ्यात जुना' हे अर्धवट खरं आहे, ते मान्य करून टाकते. शेफील्ड एफसी १८५७ चा, तो जुना. रेक्सम वेल्समधला सगळ्यात जुना आणि जगातल्या व्यावसायिक क्लबांमध्ये तिसरा जुना म्हणवतो. आधी क्लब स्वतःच आपला जन्म १८७२ च्या आसपासचा धरायचा, नंतर जुन्या वर्तमानपत्रांतले उल्लेख सापडले आणि तारीख १८६४ च्या ऑक्टोबरपर्यंत मागं गेली. क्रिकेट क्लबवाल्यांना हिवाळ्यात करायला काही नव्हतं म्हणून त्यांनी फुटबॉल आणला, आणि पहिली मॅच खेळले कुणाशी, तर फायर ब्रिगेडच्या टीमशी. बैठक झाली ते टर्फ नावाचं पब अजून स्टेडियमच्या कोपऱ्याला चिकटून उभं आहे, मी तिथं बसून चिप्स खाल्लेत.

आता 'कुत्रं विचारत नव्हतं'. क्लबच्या याच स्टेडियमवर, म्हणजे रेसकोर्स मैदानावर, ५ मार्च १८७७ ला वेल्सची घरच्या मैदानावरची पहिली आंतरराष्ट्रीय मॅच झाली, स्कॉटलंडशी, २-० नी हरले. आजही आंतरराष्ट्रीय मॅचेस होतात असं जगातलं सगळ्यात जुनं मैदान ते हेच. वेल्सची फुटबॉल असोसिएशन १८७६ साली याच गावातल्या हॉटेलात स्थापन झाली.

पण मला या वाक्याचा राग येतो तो वेगळ्या कारणानं. चेस्टरला मी ज्यांच्याकडं भाड्यानं राहायचे त्या बाई मूळच्या रेक्समच्या. मला पहिल्यांदा मॅचला त्यांनीच नेलं, पण मैदानावर जायच्या आधी गाडी वळवून ग्रेसफर्डला नेली. तिथं रस्त्याकडेला एक मोठं लोखंडी चाक उभं आहे, कोळशाच्या खाणीवरचं. २२ सप्टेंबर १९३४ ला पहाटे दोनच्या सुमाराला त्या खाणीत स्फोट झाला, २६६ माणसं गेली. शनिवार होता. दुपारी रेक्समची ट्रॅनमियर क्लबशी मॅच होती, आणि ती बघायला मिळावी म्हणून कित्येकांनी पाळी बदलून, डबल करून शुक्रवारी रात्रीची घेतली होती. वर आली फक्त अकरा प्रेतं, बाकीचे आत तसेच राहिले, खाण बंद करावी लागली. बाईंनी चाकाला नुसता हात लावला, काही बोलल्या नाहीत, आणि मग आम्ही मॅचला गेलो. त्या गावात या क्लबला कोण विचारत होतं ते मला त्या दिवशी कळलं.

'काही जिंकलं नाही' यावर फार वेळ घालवत नाही. वेल्श कप २३ वेळा, दुसऱ्या कुठल्याच क्लबनं एवढा जिंकलेला नाही, पहिलावहिला १८७८ चाही यांचाच. १९७६ ला युरोपियन कप विनर्स कपची क्वार्टर फायनल, बेल्जियमच्या अँडरलेख्टकडनं थोडक्यात हरले आणि अँडरलेख्टनं पुढं कप जिंकला. १९८४ ला चौथ्या डिव्हिजनमध्ये असताना त्याच स्पर्धेत पोर्तुगालच्या पोर्तोला बाहेर काढलं! घरी १-०, तिकडं पोर्तो ३-० नी पुढं, मग जेक किंगचे दोन गोल, परत पोर्तोचा चौथा, आणि अगदी शेवटी बॅरी हॉर्नचा गोल, ४-३ हरूनही अवे गोलवर (दोन मॅच मिळून बरोबरी, पण परक्या मैदानावर गोल जास्त) पुढं गेले. तोच पोर्तो १९८७ ला युरोपचा चॅम्पियन झाला. आणि ४ जानेवारी १९९२. त्याच्या आदल्या सीझनला रेक्सम अख्ख्या फुटबॉल लीगमध्ये (इंग्लंडच्या वरच्या चार डिव्हिजन) शेवटून पहिले होते आणि आर्सेनल लीग चॅम्पियन. एफए कपमध्ये गाठ पडली, आर्सेनल १-० नी पुढं, ८२ व्या मिनिटाला ३७ वर्षांच्या मिकी थॉमसची फ्री किक आर्सेनलचा गोलकीपर सीमनच्या हाताला न थांबता आत, दोन मिनिटांनी स्टीव्ह वॉटकिन, २-१. शोधा आणि बघा ती फ्री किक, मग 'काही जिंकलं नाही' वाला मेसेज पुढं पाठवा.

आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले. 'गावकऱ्यांनी स्वतः चालवायला घेऊन कर्जात बुडवला.' हे नुसतं चूक नाही, बरोबर उलटं आहे, आणि ज्यानं लिहिलं त्यानं पाच मिनिटं काढून काही वाचलं असतं तरी कळलं असतं.

क्रम बघा. २००२ मध्ये क्लब गेला नव्या मालकांकडं, आणि त्यातला अ‍ॅलेक्स हॅमिल्टन हा प्रॉपर्टी डेव्हलपर. त्याच वर्षी मैदानाचा मालकी हक्क क्लबच्या हातनं सुटून त्याच्या कंपनीकडं गेला. २००४ ला क्लबला नोटीस, वर्षभरात मैदान खाली करा. ज्या मैदानावर १८६४ पासून खेळतायत तिथनं! त्याच डिसेंबरात क्लब कर्जापायी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, म्हणजे कारभार कोर्टाच्या माणसांकडं, आणि त्याबद्दल दहा पॉइंट कापले गेले, लीगमध्ये अशी शिक्षा झालेला हा पहिला क्लब. त्या सीझनला एका बाजूला कार्डिफला एलडीव्ही ट्रॉफी (खालच्या डिव्हिजनवाल्यांचा कप) जिंकली आणि दुसऱ्या बाजूला रेलिगेट झाले, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये गेले, ते दहा पॉइंट कापले नसते तर वाचले असते. खेळाडू हरले नव्हते, मालकांच्या कागदांनी हरवलं.

कुणी म्हणेल हे तुझं मत झालं. नाही. २००५ च्या ऑक्टोबरात बर्मिंगहॅमच्या हायकोर्टानं निकाल दिला की मैदान ज्या पद्धतीनं हॅमिल्टनच्या कंपनीकडं गेलं ती पद्धत चुकीची, मैदान क्लबचंच. त्यानं अपील केलं, २००६ च्या मार्चमध्ये तेही फेटाळलं गेलं. कोर्टाचा निकाल आहे, कुठल्या चॅनेलवरची चर्चा नाही.

मग नवीन मालक आले, आणि २००८ ला क्लब फुटबॉल लीगमधनंच बाहेर पडला, १९२१ पासून सलग ८७ वर्षं आत होता. २०११ मध्ये परत पैशाची बोंब, आणि ऑगस्टमध्ये सीझन तोंडावर आलेला असताना ते आता खेळत होते त्या खालच्या लीगनं सांगितलं की अडीच लाख पौंड अनामत भरा नाहीतर खेळू देणार नाही. इथं फॉरवर्डवाल्यांचे 'गावकरी' पहिल्यांदा चित्रात येतात. सपोर्टर्स ट्रस्टनं, म्हणजे चाहत्यांच्या संस्थेनं, हाक दिली आणि एका दिवसात लाखाच्या वर पौंड जमले. म्हाताऱ्यांनी पेन्शनमधले दिले, पोरांनी डबे फोडले. माझ्या घरमालकीणबाई त्या दिवशी लायनीत उभ्या होत्या, पुढच्या माणसानं नोटांचं पुडकं टेबलावर ठेवलं आणि पावती न घेता निघून गेला असं त्या सांगायच्या, आणि प्रत्येक वेळी सांगताना हातानं ते पुडकं ठेवून दाखवायच्या.

२०११ च्या डिसेंबरात क्लब ट्रस्टचा झाला. मेंबरशिप वर्षाला बारा पौंड, एका माणसाला एक मत, मग तुम्ही बारा द्या नाहीतर बारा हजार. त्याच पहिल्या सीझनला त्यांनी ९८ पॉइंट काढले, अठ्ठ्याण्णव! आणि तरी वर गेले नाहीत कारण फ्लीटवुडनं १०३ काढले आणि थेट प्रमोशन एकालाच. २०१३ ला लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर एफए ट्रॉफी (फुटबॉल लीगच्या खालच्या क्लबांचा कप) जिंकली, पेनल्टीवर, ग्रिम्सबीला हरवून, आणि दीड महिन्यानं त्याच वेम्ब्लीवर प्लेऑफ फायनल (वर जायच्या उरलेल्या जागेसाठीची मॅच) न्यूपोर्टकडनं हरले. मैदान तोवर विद्यापीठाच्या मालकीचं झालं होतं, २०१६ ला ते ९९ वर्षांच्या लीजवर ट्रस्टनं हातात घेतलं. मी गेले तेव्हा गोलमागचा कॉप नावाचा स्टँड बंदच होता, गवत उगवलेल्या पायऱ्या, समोर चार-पाच हजार माणसं थंडीत ओरडतायत, आणि गेटवर तिकीट फाडणारा काका पगारी नव्हता, दिवसा दुसरीकडं नोकरी करून मॅचच्या दिवशी फुकट यायचा. मी पण बारा पौंड भरले. इकडं परत आल्यावर मेंबरशिप पुढं चालू ठेवली नाही याचं अजून वाईट वाटतं.

नटांच्या हाती क्लब आला तेव्हा त्याच्यावर कर्ज नव्हतं. परत वाचा. कर्ज नव्हतं. मालकांनी दोन वेळा गाळात घातलेला क्लब बारा-बारा पौंडवाल्यांनी नऊ वर्षं चालवून स्वच्छ करून ठेवला होता. बुडालेला क्लब विकत घ्यायला कुणी आलं नव्हतं, हे दोघं आले ते तो जिवंत होता म्हणून.

आणि '२० कोटीत विकत घेतला' हेही धड नाही. वीस लाख पौंड (तेच ते २० कोटी रुपये) ही किंमत नव्हती, ते क्लबमध्ये घालायचं वचन होतं, कुणा सभासदाच्या खिशात त्यातला पैसाही गेला नाही. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ट्रस्टनं सभासदांचं मतदान घेतलं, आकडे ट्रस्टनंच जाहीर केलेत: बाजूनं १८०९, विरोधात २६. आणि मतदानाच्या आधी या दोघांनी लेखी काय दिलं, तर नाव बदलणार नाही, क्लब दुसरीकडं हलवणार नाही, मैदानाचं रक्षण करू. हॅमिल्टनचा अनुभव घेतलेल्या गावानं हे आधी वसूल केलं, मग मत दिलं.

आता कबूल करायचं ते करते, नाइलाज आहे. हो, पैशानं फरक पडला. त्या दोघांचा पैसा, त्यांच्या डॉक्युमेंटरीमुळं आलेले स्पॉन्सर, यांच्याशिवाय २०२३ चे १११ पॉइंट झाले नसते, त्या लेव्हलवर एवढे पगार दुसरं कोण देत होतं. २०२३, २०२४, २०२५, सलग तीन प्रमोशन, वरच्या पाच लेव्हलमध्ये असं आधी कुणालाच जमलेलं नाही. ते दोघं मनापासून करतात हेही मी मानते, २०२२ मध्ये मैदान विद्यापीठाकडनं विकत घेऊन परत क्लबच्या नावावर आणलं ते काम मोठं आहे. ट्रस्टला एवढी झेप जमली नसती हे ट्रस्टवाल्यांनाही माहीत होतं, उगाच १८०९ मतं पडली नाहीत. पण यातनं 'मालक बदला' कुठं निघतं? रेक्समला मालक २००२ पासून बदलूनच मिळत होते. एकानं मैदान लाटलं, पुढच्यांच्या हाताखाली लीग गेली.

तर बाळा, रविवारी मीटिंगला हे वाचून दाखव, आणि कुणी वाचू दिलं नाही तर तीन प्रश्न तरी विचार. बिल्डर लेखी काय देणार, नाव आणि जर्सीचा रंग कायमचा राहणार का, आणि आवडलं नाही तर टीम परत घ्यायचा हक्क कुणाकडं. आणि मत प्रत्येकाचं घ्यायला लाव, दुसऱ्या टीममध्ये खेळायला गेलेल्या पोरांचंही, आणि शाहू स्टेडियमवर चाळीस वर्षं तुमच्यासाठी घसा फोडणाऱ्या म्हाताऱ्यांचंही. १८०९ आणि २६, हे दोन आकडे हातावर लिहून घेऊन जा.