खुलासा : तो किल्ला नाही, १५९३चाही नाही

स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या मारिशल कॉलेजचा फोटो ‘१५९३चा किल्ला’ म्हणून फिरतोय. १५९३ हे कॉलेजच्या स्थापनेचं साल. फोटोत दिसते ती ब्रॉड स्ट्रीटवरची दर्शनी बाजू. ती १९०६ मध्ये पुरी झाली. वास्तुरचनाकार अलेक्झांडर मार्शल मॅकेन्झी. त्या सुईसारख्या शिखरांकडे जरा नीट बघा, ग्रॅनाइटसारखा हट्टी दगड लाकडासारखा कोरलाय! आतला चौक मात्र त्यांचा नव्हे, तो आर्चिबाल्ड सिम्पसनचा, १८३७ ते १८४४मधला.

‘मॅकेन्झी गावापुरतेच राहिले’ हेही चूक. जन्म एल्गिनचा, बस्तान अ‍ॅबर्डीनला, पण लंडनचं वॉल्डॉर्फ हॉटेल आणि ऑस्ट्रेलिया हाउस त्यांनी मुलासोबत उभं केलं. आणि तुमच्या ‘किल्ल्या’त २०११पासून नगर परिषदेची कचेरी आहे.