लेयर चुकला, मार्क गेले

सबमिशनच्या आठवड्यात ड्रॉइंग शिकवणाऱ्या मास्तरशी घरचेसुद्धा जपून बोलतात. वर्गभर पोरांच्या कॅडच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेल्या ड्रॉइंगच्या, फायली उघडायच्या, झूम करून रेघ न् रेघ बघायची, आणि पुन्हा तोच प्लमर ब्लॉक, म्हणजे फिरता दांडा पेलणारा बेअरिंगचा ठोकळा. म्हणून कॉलेजनं तपासणीचं सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा पेढे मीच वाटले. पोरानं ड्रॉइंगची डीएक्सएफ फाइल (आतून रेघा-वर्तुळांची लेखी यादीच ती) चढवायची, सॉफ्टवेअर ती माझ्या नमुना उत्तराशी ताडणार, मार्क देणार, वर चुकीला लाल शेराही मारणार. मी निवांत!

दुसऱ्या दिवशी केबिनबाहेर रांग.

"सर, वर्तुळाला शून्य दिलंय."

वर्तुळ तर झकास गोल होतं. पण पठ्ठ्यानं दोन आर्क (कंस) जोडून केलेलं. शेरा : 'सर्कल आढळले नाही.' पुढचीची रेघ कोपऱ्याच्या 0.02 मिलिमीटर अलीकडे थांबलेली; रेघ नेमकी टोकाला चिकटवणारा स्नॅप बंद ठेवून अंदाजानं टेकवली होती. तिसऱ्यानं सगळं चोख काढलं, पण रेघांच्या प्रकाराप्रमाणे वेगळे लेयर, म्हणजे थर, न करता आयत्या मिळणाऱ्या झिरो लेयरवर. झिरो लेयर, झिरो मार्क. यंत्राची विनोदबुद्धी एवढीच.

बरं, उलटेही चमत्कार. एकीच्या सेंटर लाइन (मध्यरेषा) तुटक दिसायच्या त्या स्क्रीनवर सलग दिसत होत्या, कारण तुकड्यांची लांबी ठरवणारा लाइनटाइप स्केल गंडलेला. मी अर्धे मार्क कापले असते. यंत्रानं फाइलमध्ये 'सेंटर' हा शब्द वाचला आणि पैकीच्या पैकी दिले. ते चित्र बघतच नाही हो, नुसती कागदपत्रं तपासतं. तलाठी ऑफिसात शोभलं असतं.

लबाडी मात्र छान पकडतं, हे कबूल. रेघ 48.7 ची आणि डायमेन्शनवर हातानं टाइप केलेलं 50, हे ते सोडत नाही. आमच्या काळी काचेखाली बल्ब लावून दुसऱ्याची शीट उतरवायचो, त्याला जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, म्हणत. निदान हात तरी दुखायचे. आता मित्राचं ड्रॉइंग उचलून नव्या फायलीत चिकटवतात. पण फाइल किती वेळ उघडी होती याची नोंद फायलीतच असते. चार मिनिटांत आख्खा प्लमर ब्लॉक? विश्वकर्म्यालाही जमलं नसतं.

पोरं हुशार. चढव, शेरा वाच, दुरुस्त कर, पुन्हा चढव. वर्गाची सरासरी अशी वधारली की प्राचार्यांनी माझी पाठ थोपटली.

मग तोंडी परीक्षेत पहिल्या नंबरच्या पोराला, वस्तूची समोरून-वरून दिसणारी चित्रं कागदावर मांडायच्या फर्स्ट अँगल पद्धतीबद्दल विचारलं, "फर्स्ट अँगलमध्ये टॉप व्ह्यू खाली का काढतो रे?"

"वर काढला की लाल येतं, सर."