गिटार वर, ट्रॅक खाली : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

टॅबवर (टॅब्लेटवर) बॅकिंग ट्रॅक, म्हणजे गाण्याची तयार साथ, लावून गिटारचा सराव करताना दोन्ही आवाजांचा मेळ कसा बसवावा, या माझ्या लेखावर आपण प्रतिक्रिया दिलीत. गिटारचा आवाज ट्रॅकपेक्षा किंचित वर ठेवण्याचा माझा सल्ला तालाला मारक आहे, ॲम्पमधल्या (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्रातल्या) ऑक्सविषयीचे, म्हणजे टॅब जोडण्याच्या खाचेविषयीचे, माझे विधान खोटे आहे आणि गिटार टॅबला जोडणाऱ्या इंटरफेस या उपकरणामुळे आवाज ऐकू येण्यास होणाऱ्या विलंबाचा मी उल्लेखही केलेला नाही, असे आपले म्हणणे आहे. शेवटी आपण लिहिता, "हा सल्ला देणारा माणूस आयुष्यात कधी कुणाबरोबर वाजवायला बसलेला दिसत नाही."

ऑक्सचे आधी मान्य करतो. ॲम्पच्या व्हॉल्यूम नॉबने ऑक्समधून येणारा ट्रॅकही कमी-जास्त होतो, असे मी सरसकट लिहून गेलो होतो. प्रत्यक्षात अनेक लहान ॲम्पमध्ये ऑक्सचा आवाज त्या नॉबमधून जातच नाही आणि ट्रॅक फक्त टॅबवरूनच लहान-मोठा करावा लागतो. लेखात दुरुस्ती केली आहे. मात्र चुकीचे आणि खोटे हे दोन शब्द मराठीत एकाच अर्थाचे नाहीत, हे आपल्यासारख्या चोखंदळ वाचकाला सांगावे लागू नये.

आता आपल्या शेवटच्या वाक्याकडे वळतो. मी पुण्यातल्या एका ऑर्केस्ट्रात ९ वर्षे ऱ्हिदम गिटार वाजवली. गणपतीच्या दिवसांत कधी कधी एका रात्री दोन मंडळांचे कार्यक्रम असत. डाव्या कानाशी ऑक्टोपॅड, उजवीकडे दोन कीबोर्ड आणि संपूर्ण स्टेजवर मॉनिटर स्पीकर एकच, तोही गायकाच्या पायाशी. पहिली दोन वर्षे मला माझीच गिटार नीट ऐकू आली नाही आणि ती येत नाही हेही कळले नाही, कारण ताल पक्का होता, गाणी वेळेवर सुटत होती आणि कुणाची तक्रार नव्हती. मग एका कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी हॉलवर साउंडवाल्याने प्रत्येक वाद्य वेगळे तपासायला घेतले, तेव्हा सर्वांसमक्ष उघड झाले की माझ्या एफ कॉर्डमध्ये पहिल्या बोटाखालची दुसरी तार दबतच नव्हती. ती नुसती ठप्प वाजत होती. दोन वर्षांत तो कॉर्ड मी किती वेळा वाजवला असेल, याचा हिशोब मी आजही टाळतो. आमचे अरेंजर मला सतत "गिटार खाली घे" म्हणत, आणि श्रोत्यांसाठी ते योग्यच होते. पण तो कार्यक्रम होता. सराव म्हणजे स्वतःच्या चुका ऐकण्याची वेळ, आणि माझा लेख सरावाबद्दल होता. त्यामुळे मी कुणाबरोबर बसलेलो नाही, हे ठरवण्यापूर्वी आपण एकदा विचारायला हरकत नव्हती.

या चुका लपतात त्याचे कारण साधे आहे. गिटारचा आवाज कंप्रतेच्या ज्या मधल्या पट्ट्यात (ना फार खर्ज, ना फार तार) ठळक असतो, त्याच पट्ट्यात गायकाचा गळा, कीबोर्ड आणि स्नेअर ड्रमही असतात; तिथे जो मोठा, तो दुसऱ्याला झाकतो. टॅबच्या चिमुकल्या स्पीकरने त्यात आणखी भर पडते. बेस गिटारच्या सर्वांत खालच्या तारेचा मूळ स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो आणि तो त्या स्पीकरमधून जवळजवळ निघतच नाही. बेस ऐकू यावा म्हणून आपण टॅबचा आवाज वाढवतो, बेस तरीही येत नाही, मधला पट्टा तेवढा वाढतो आणि गिटार बुडते. मग ॲम्प वाढवायचा, पुन्हा टॅब वाढवायचा, आणि अर्ध्या तासाने शेजारी बेल वाजवतात. (माझ्या शेजाऱ्यांची सहनशीलता मोठी आहे, पण तीही एकदा संपली.)

म्हणून आधी गिटार, शेजारच्या माणसाशी ओरडावे लागणार नाही इतक्या आवाजात, ॲम्पच्या मास्टर नॉबवर ठरवावी. गिटारवरचा नॉब खाली घेऊ नये, कारण त्याने आवाजाची धार बोथट होते, ड्राइव्हही (आवाजाचा खरखरीतपणा) ओसरतो आणि सराव वेगळ्याच टोनवर होतो. त्यानंतर ट्रॅक शून्यापासून वर आणत स्नेअर स्पष्ट ऐकू येताच थांबावे. इंटरफेस जोडल्यावर टॅबच्या कडेची आवाजाची बटणे अनेकदा चालत नाहीत, तेव्हा ॲपमधल्या आवाजाच्या सरकत्या पट्टीवरच हे करावे लागते. यूट्यूब फार मोठे ट्रॅक खाली आणते, पण बारीक आवाजाचे ट्रॅक वर उचलत नाही, त्यामुळे नवा ट्रॅक लावला की पुन्हा तपासावे लागते. मी लिहिलेले "किंचित वर" म्हणजे दोन-तीन डेसिबल. दहा डेसिबल वाढले तर आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो, आणि तेवढे वाढवा असे मी कुठेही म्हटलेले नाही. इतक्या फरकाने ज्याचा ताल सुटतो, त्याची अडचण आवाजाची नसावी.

विलंब हा त्या लेखाचा विषयच नव्हता. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर (आवाज क्षणभर साठवून पुढे पाठवण्याचा टप्पा) म्हणजे सुमारे ५.३ मिलिसेकंद, आणि ब्लूटूथ हेडफोनचा विलंब त्याच्या कितीतरी पट. ब्लूटूथवर स्वतःची गिटार ऐकत वाजवू नये, एवढे येथे पुरे.

आपण स्वतः हेडफोन लावून, ट्रॅक मोठा ठेवून रोज दोन तास वाजवता, असेही लिहिले आहे. त्यातले एक गाणे टॅबवर ध्वनिमुद्रित करा, ट्रॅकचा आवाज बंद करून फक्त गिटार ऐका, आणि एफ कॉर्डमध्ये दुसरी तार वाजते की नाही, तेवढे मला कळवा.